पाटावर नसलेली सांडशी

“आबा, तुमी मेल्यावर ही गाडी कोणाले देसान?”

विचारून टाकलं एकदाचं. नवमीची सकाळ, आमच्या गॅरेजसमोर पूजेला जमलेली वीस-पंचवीस माणसं, मधोमध अमृतराव आबांची दुधी रंगाची विलायती गाडी, आणि गाडीच्या मागं मयूरी अन् नेहा तोंडात ओढण्या कोंबून उभ्या. पैज एक प्लेट मिरची भज्यांची होती. “लय बोलते ना तू आजकाल? मंग विचार त्याइले,” मयूरी म्हणाली होती.

लय बोलते हे खरं. जूनपर्यंत वर्गात माझं नाव घेतलं तरी आवाज घशातच बसायचा. मग विज्ञान प्रदर्शनात मी बाबांच्या भंगारातला पिस्टन कापून मांडला आणि मराठी, तेलुगू, हिंदी अशा तीन भाषांत सगळ्यांना समजावला. दुसरा नंबर आला. तेव्हापासून माझ्या तोंडाचं झाकण जे निघालं ते पुन्हा लागलंच नाही.

आबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत ते, मिशा मात्र ताठ.

“आधी हिची ट्रायल होऊ दे, पोरी. मंग समजन कोण आधी जाते. मी, का ही.”

सगळे हसले. माझे बाबा हसले नाहीत.

माझे बाबा म्हणजे सुधाकर मिस्त्री. तेलंगणातल्या इचोड्यात हायवेच्या कडेला आमचं गॅरेज, मागच्या दोन खोल्यांत घर. आबांची गाडी आमच्याकडं आजोबांपासून येते. एकसष्ट सालची. आबांच्या वडिलांनी जंगलखात्याच्या एका साहेबाकडून घेतलेली. हिला कार्बोरेटर दोन. म्हणजे पेट्रोल-हवा पिणारी दोन तोंडं. पायाखालचा ॲक्सिलेटर दाबला की लोखंडाच्या काड्या एकमेकींना ओढतात आणि दोन्ही तोंडं एकदम उघडतात. पाय उचलला की स्प्रिंग त्यांना मिटवते. प्रत्येक काडीच्या टोकाला एक गोळी असते आणि ती वाटीत फिरते, आपल्या खांद्यातलं हाड फिरतं तशी.

साठ-पासष्ट वर्षं फिरून त्या गोळ्या झिजल्या होत्या. दोन बोटं दाबेपर्यंत गाडी ऐकायचीच नाही आणि मग एकदम उडी मारायची. सप्तमीला आबा कावूनच आले होते. बाबांनी मधली काडी आखूड करून ती रिकामी चाल काढून टाकली. मी बाजूला उभी राहून सगळं पाहिलं होतं.

घाई होती ती दसऱ्याची. दर दसऱ्याला आबा आपल्या बायकोला, जयवंताबाई आजींना घेऊन निर्मलला जातात, आजींच्या थोरल्या भावाला सोनं द्यायला. भाऊ नव्वदीचा. आजींचे गुडघे बसच्या पायऱ्या चढत नाहीत. या गाडीचा दरवाजा मात्र खाली आहे, त्या बसल्या की बसल्या. आणि इचोडा-निर्मलच्या मध्ये घाट आहे.

पण आधी नवमीची पूजा. आमच्याकडं नवमीला हत्यारं पाटावर बसतात. त्रेचाळीस पाने, पकडी, हातोड्या, जॅक, सगळं घासूनपुसून लाल कपड्यावर. एकदा हळदकुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी दुपारी सोनं वाटेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. माझ्या आजोबांनी एका नवमीला कोणाच्या तरी नडीपायी पाना उचलला होता. जॅक सरकला आणि डाव्या हाताची करंगळी गेली. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे होते आणि ती करंगळी त्यांनी पाहिली होती. त्यामुळे आमच्या घरी या गोष्टीवर चर्चा होत नाही.

प्रत्येक हत्याराला लाल-पिवळा दोरा बांधायचं काम माझं. गाड्यांनाही मीच बांधते, स्टेअरिंगला. पण यंदा मला वाटलं, स्टेअरिंगला काय, कोणीही बांधेल. मयूरी अन् नेहा बघत होत्या. मी ऐटीत बोनेट उचललं, “इथून गाडीचा जीव चालते, समजलं का?” असं म्हटलं आणि कार्बोरेटरच्या काडीला दोरा बांधला. चांगली टोकं सोडून, फुलासारखी गाठ मारून. नेहानं फोटोपण काढला.

कोहळा फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली. बाबांनी हात पुसले आणि आबांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

बाबांचा तो नियमच आहे. ज्यानं काम केलं, त्यानं पहिल्या फेरीला गाडीत बसायचं, मालकाच्या शेजारी. “आपल्या हातावर आपलाच भरोसा नसन तं दुसऱ्याले काऊन बसवा?” असं ते म्हणतात. ट्रक असो की टमटम, ते बसतात.

मी न विचारताच मागच्या सीटवर शिरले.

सिरिकोंड्याच्या रस्त्यानं आम्ही दोन किलोमीटर गेलो. गाडी लोण्यासारखी. आबा गुणगुणायला लागले. परतताना रस्ता मोकळा दिसला तसे म्हणाले, “सुधाकर, जरा दम पाहू का हिचा?” आणि पाय तळाला टेकवला.

काय पळाली! दोन्ही बाजूंची कपाशी नुसती पांढरी रेघ झाली. मी ओरडले, “भारी, आबा!”

मग समोर चौक दिसायला लागला. दसऱ्याचा बाजार. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी झेंडूचे ढीग, आपट्याच्या फांद्या, बाया, पोरं. आणि डावीकडून कापसाचा ट्रॅक्टर वळत होता.

“आबा, हळू करा,” बाबा म्हणाले.

“पाय उचलला म्या.”

मी पुढच्या सीटवर ओणवी झाले. आबांचा पाय हवेत होता. खरंच हवेत. ॲक्सिलेटर खाली तसाच दबलेला, जणू कोणी न दिसणारा माणूस त्यावर पाय देऊन बसला आहे.

“ब्रेक दाबा!”

आबांनी ब्रेक दाबला. गाडी थरथरली, थोडी दबली, पण इंजिन ओढतच राहिलं. घाबरून त्यांनी क्लचही दाबला तसं इंजिन असं किंचाळलं, असं किंचाळलं की बाजारातली सगळी तोंडं आमच्याकडं वळली. ट्रॅक्टर रस्त्याच्या बरोबर मध्यात. ड्रायव्हरचे दात दिसण्याइतका जवळ.

बाबांचा हात गेला आणि त्यांनी किल्ली फिरवली.

एकदम शांतता. नुसता टायरांचा घासल्याचा आवाज. गाडी घसरत घसरत गेली, एका टोपलीला लागली, टोपली उलटली आणि बोनेटवर झेंडूची फुलं पडली. ट्रॅक्टर आणि आमच्यात एक म्हैस मावली असती, दोन नाही.

“एमैंदी? एमैंदी?” काय झालं, काय झालं, करत फूलवाली धावत आली.

“ओ बुड्ढे, मरने के लिए मेरा ही ट्रॅक्टर मिला?” ड्रायव्हर वरून ओरडला.

आबा खाली उतरले. आपली घाबरगुंडी कोणाला दिसू नये म्हणून ते जास्तच मोठ्यानं बोलायला लागले.

“सुधाकर! तुह्या बापानं अशी गाडी माह्या हातात देली नसती!”

भर चौकात. मयूरीचे बाबा तिथं उभे, किराणावाले उभे, आमचे मराठीचे सर पिशवी घेऊन उभे. बाबांनी मान खाली घातली. “माहीच चूक. काडी म्या आखूड केली. जास्तच ओढली असन.”

ते दोघं बाजूला बोलत असताना मी बोनेट उचललं. आणि मला दिसलं.

माझा दोरा. फुलासारखी गाठ सुटून तिचं एक टोक वाटीत शिरलं होतं, गोळी आणि वाटीच्या मधल्या फटीत, उसाच्या चरकात कांडं शिरावं तसं. काडी तिथंच अडकून उभी होती. मी टोक धरून ओढलं. निघेना. दातओठ खाऊन ओढलं. निघालं. आणि टच करून काडी मागं गेली, दोन्ही तोंडं मिटली.

कोणी पाहिलं नव्हतं. सगळे आबांकडं बघत होते.

मी मूठ मिटली.

गाडी दोन पोरांनी ढकलत गॅरेजपर्यंत आणली. मी मागून चालले. सकाळी एवढा मोठा प्रश्न विचारताना मला काहीच वाटलं नव्हतं, आणि आता “बाबा” एवढा एक शब्द तोंडातून निघत नव्हता. हातात सूत असं तापतं हे मला माहीत नव्हतं. गॅरेजच्या दारातच उभ्या नेहानं विचारलं, “मुठीत काय हाये व?” मी म्हटलं, “काई नाई.” नेहाच्या मोबाइलमध्ये तो फोटो होता आणि तिच्या अजून ध्यानात आलं नव्हतं.

गॅरेजमध्ये आबा बाकावर बसले, आईनं दिलेलं पाणी प्यायले आणि म्हणाले, “मी उद्या सात वाजता निघणार. जयवंतानं रातीच बॅग भरून ठेवली. बनली तं बनली. नाई तं किल्ली बंद-चालू करत जाईन.”

“घाटात? अवो, उतारावर इंजिन बंद झालं की सारा भार ब्रेकवर. असं नका करू अमृतराव. मी दुसरी गाडी सांगतो तुमाले.”

“तिचा भाऊ खिडकीत बसून असते सकाळपासून. हे गाडी वयखते तो. माणसं नाई वयखत आता, गाडी वयखते.” आबा उठले. “सात वाजता.”

ते गेले. बाबा पाटासमोर जाऊन बसले. त्रेचाळीस हत्यारं हळदकुंकवात, प्रत्येकाला माझी गाठ. उद्या दुपारपर्यंत एकालाही हात लावायचा नाही. आणि आबा सातला निघणार. माझ्या डोळ्यांसमोर घाटातलं ते वळण आलं, जिथं कठड्याचा दगड पडलाय. आणि मागच्या सीटवर सोन्याची पिशवी मांडीवर घेतलेल्या जयवंताबाई आजी.

“काडी आखूड केली, हेच चुकलं,” बाबा स्वतःशीच बोलत होते. “पुन्हा लांब करून देतो म्हटलं तं पाना नाई हातात.”

म्हणजे चूक दुसरीकडंच शोधणार होते ते. मी दोरा लपवला तर काडी लांब होईल आणि खरं कारण माझ्या मुठीतच राहील.

“बाबा.”

“काय?”

मी मूठ उघडली.

ते पुढं वाकले. “हे काय?”

“दोरा. म्या बांधला होता. काडीले. तो आत अडकला होता. तुमची चूक नाई ते. माही हाये. चौकातच सांगाचं होतं मले, पण... नाई सांगितलं.”

मागं आई उभी होती, बयनाबाई म्हणतात तिला सगळे. तिनं तोंडावर हात ठेवला. “अवो माय! काडीले कोणी दोरा बांधते का?”

मला वाटलं आता बाबा उठतील. ओरडतील. ते उठले, पण दोरा घेऊन दारात उजेडात गेले. बोटांनी सरळ केला. मधला दोन बोटांचा भाग काळा, चपटा, कागदासारखा झाला होता.

“भाग्या, इकडं ये. हा एवढा दोरा आत गेला?”

“हो.”

“एवढा?”

“बाबा, सांगितलं ना, माही चूक—”

“चूक मंग. आधी पाय हे.” त्यांचा आवाज बदलला होता. “नव्या वाटीत केस जात नाई. हिच्यात दोरा गेला. म्हणजे वाटी किती सैल हाये! म्या उघडलीच नाई ती. काडी आखूड करून चाल झाकली फक्त. तुहा दोरा नसता तं आज अडली नसती, पण चार महिन्यानं गोळी वाटीतून निघालीच असती.” त्यांनी दोरा खिशात ठेवला. “घाटात.”

आईनं देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले.

“वाट्या उघडा लागतीन,” बाबा म्हणाले. “तिन्ही.” आणि पाटाकडं बघून पुन्हा बसले. “उद्या दुपारी.”

“सातले निघते तो म्हातारा!” आई म्हणाली.

“मंग काय करू? उचलू पाना? माह्या बापाचा हात पायला ना तू?”

“शेजारून आणा.”

“नवमी हाये. साऱ्या इचोड्याची हत्यारं पाटावर हायेत.”

“माहा कंपासबी,” मी म्हटलं. खरंच, देव्हाऱ्यापुढं पुस्तकांच्या ढिगावर माझा कंपासबॉक्सही होता.

आई आत गेली. आत भांड्यांचा आवाज झाला, जास्तच झाला. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात सांडशी होती, जिनं ती गंज, म्हणजे मोठं पातेलं, चुलीवरून उतरवते ती, आणि दुसऱ्या हातात लोखंडी बत्ता.

“हे घ्या. हे काई पाटावर नाई.”

बाबांनी ती हातात घेतली. “सांडशी?”

“हो, सांडशी. वीस वर्षं झाले रोज चालते. तुमाले कधी पाटावर ठेवाची आठवण आली का हिले? नाई आली. बरंच झालं. आता हिले हात लावाले कोणाची मनाई नाई.”

बाबांनी सांडशीच्या दांड्या दाबून पाहिल्या, तोंडाची पकड बोटावर घेऊन पाहिली. आणि उठले.

पण कार्बोरेटर त्या गाडीत इंजिनच्या अंगाला, पार मागं चिकटून आहेत. पातळ पाना असता तर बाबांनी डोळे मिटून काम केलं असतं. सांडशी घेतलेला त्यांचा हात आतच जाईना. एकदा गेला, तो मनगटाशी अडकला आणि सालटं निघालं.

“मी,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “म्हणन तेवढंच कराचं. एक इंचबी आपल्या मनानं नाई.”

“नाई करत.”

“आणि दोरा-बिरा—”

“बाबा!”

दुपारचे दोन वाजले होते. पहिला नट हलायलाच तयार नाही. आईनं रॉकेलचं बोट फिरवलं, दहा मिनिटं थांबलो. मग मी सांडशीच्या तोंडात चिंधी घालून नट धरला आणि आईनं दांडीवर बत्त्यानं ठोकलं. ठण्. नाही. ठण्. नाही. तिसऱ्या ठोक्याला सांडशी सटकली, माझी बोटं लोखंडावर आपटली आणि डोळ्यांत पाणी आलं. पण नट हलला होता. केसाएवढा, पण हलला होता.

गोळी काढून बाबांच्या तळहातावर ठेवली. एकाच बाजूनं खाल्लेली, लेमनची गोळी एका गालात ठेवून चोखल्यासारखी. दुसरी बाजू मात्र अजून गोल, चकचकीत.

“पाव फेरा फिरवून बसव,” बाबा म्हणाले. “न झिजलेली बाजू वाटीत जाऊ दे. मंग वाटीचा मागचा स्क्रू आवळ. आधी पुरा आवळ, मंग अर्धा फेरा सोड. गोळी फिरली पायजे, हलली नाई पायजे. फिरणं अन् हलणं, फरक समजते?”

समजला. बोटांनाच समजला, सांगता येणार नाही. आधी ती गोळी वाटीत कुडकुड करायची, पडायला आलेल्या दातासारखी. आता गुपचूप फिरत होती.

दुसरी वाटी झाली. तिसरीचा नट माझ्या बोटांतून सुटला.

टिंग. टिंग. आणि मग आवाज नाही.

जमिनीवर पडल्याचा आवाज आलाच नाही. म्हणजे इंजिनातच कुठंतरी. बाबा गाडीखाली झोपले, मी वरून बोटं फिरवत गेले, ग्रीसमध्ये, धुळीत, ज्या जागा दिसत नाहीत तिथं. असा दुसरा नट घरात नव्हता. स्पेअर पार्टची दुकानं नवमीची बंद. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आई हळू आवाजात देवीचं नाव घेत होती. मग सायलेन्सरच्या नळीच्या मागच्या खोबणीत माझ्या मधल्या बोटाला काहीतरी षटकोनी लागलं.

“नको बोलू,” बाबा खालून म्हणाले. “आधी काढ.”

काढला.

आता शेवटचं, दोन्ही तोंडं एकदम उघडण्याचं. बाबांनी जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या दोन पट्ट्या फाडून दिल्या. प्रत्येक कार्बोरेटरला एक छोटा स्क्रू असतो, तोंड मिटलं की तो थांब्याला टेकतो. त्या दोघांच्या मध्ये एकेक पट्टी धरायची. ॲक्सिलेटर अगदी जरासा दाबला की दोन्ही पट्ट्या एकाच क्षणी सुटल्या पाहिजेत. एक आधी सुटली, तर एक तोंड आधी उघडतंय.

बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मी दोन हातांत दोन पट्ट्या धरल्या.

“दाबतो.”

डावी सुटली. उजवी तशीच.

“डावी आधी!”

“उजवीकडची काडी सैल कर. वाटाण्याएवढी लांब कर. आवळ. दाबतो.”

उजवी सुटली. डावी तशीच. जास्त झालं होतं. पुन्हा सांडशी, पुन्हा चिंधी. माझा खांदा आता माझा राहिला नव्हता. ऊन गॅरेजच्या उंबऱ्यावर उतरलं होतं.

“बाबा, वाटाण्याएवढं नाई, मोहरीएवढं लागते.”

ते खिडकीतून मान बाहेर काढून माझ्याकडं बघत होते. “तुहे बोटं काय म्हणतात?”

“मोहरीएवढं.”

“मंग तेवढं कर.”

केलं.

“दाबतो.”

दोन्ही पट्ट्या एकदम हातात आल्या. एवढ्या एकदम की मी मागं पडले आणि आईच्या पायावर बसले.

बाबांनी भंगाराच्या डब्यातून आणखी एक स्प्रिंग शोधून दिली, ती जुनीच्या जोडीला अडकवली. एक तुटली तरी दुसरी मिटवेल. मग इंजिन चालू केलं. पाय तळाला, सोडला. तळाला, सोडला. वीस वेळा मोजलं मी. वीसही वेळा दोन्ही तोंडं टच करून मिटली. आई प्रत्येक वेळी डोळे मिटत होती, जणू तिच्याच तोंडाला स्प्रिंग लावली आहे.

दिवेलागणीच्या आधी आबा आले. सकाळचा राग उतरला होता, पण चेहऱ्यावर अजून चौक होता. बाबांनी त्यांना काही न बोलता तो चपटा दोरा दाखवला आणि मग माझ्याकडं बोट केलं. मी सगळं सांगितलं. चौकात मूठ मिटली होती तेसुद्धा. आबांनी ऐकून घेतलं, बोनेटमध्ये वाकून तिन्ही वाट्या बोटानं हलवून पाहिल्या.

“हे कोणत्या पान्यानं केलं?”

“सांडशीनं,” आई म्हणाली.

आबांच्या मिशा हलल्या. हसले की नाही, सांगता येत नाही. “उभ्या गाडीत सारंच बरं चालते, सुधाकर. सकाळीबी इथं उभी असताना बरीच होती.”

“म्हणून तं मी येतो उद्या,” बाबा म्हणाले. “तुमच्या शेजारी बसतो. आजी मागं बसतीन. निर्मलवरून मी बसनं येतो वापस.”

“सात वाजता,” आबा म्हणाले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

बाबांनी सांडशी पुसली. आई ती घ्यायला पुढं आली. आणि मी दोघांच्या मध्ये उभी राहिले, ग्रीसचे हात पाठीमागं घेऊन.

“उद्या बाबा नाई बसत. मी बसणार.”

“काय?” आई म्हणाली. “घाटात? अवो, आयकता का इचं? सकाळी तं ट्रॅक्टरखाली जाता जाता वाचली!”

“काम कोणं केलं, आई? ज्यानं केलं त्यानं बसाचं. नियम माहा नाई, बाबांचा हाये.”

“तो मिस्त्रीचा नियम हाये!” बाबा म्हणाले. “तू टेन्थची पोरगी.”

“मंग तुमी टेन्थच्या पोरीच्या कामावर आजीले काऊन बसवून राह्यले?”

बाबांनी आईकडं पाहिलं, आईनं त्यांच्याकडं. बाहेर ओट्यावर आबा एकदम खोकले.

“आयका,” मी म्हटलं. माझा आवाज कापत होता, पण येत होता. “नेरडिगोंड्यापर्यंत, घाट लागेपर्यंत, रस्ता सपाट हाये. तिथपर्यंत आबा पाच वेळा पाय तळाले टेकवतीन अन् सोडतीन. पाचातून एकदाबी अडकली तं गाडी घाटात नाई जाणार, तिथूनच वापस. हे मी आबांले आधीच सांगीन. बाबा, तुमी मागच्या सीटवर आजीजवळ बसा, पायजे तं. पण पुढं मी बसते. अन् निर्मल येईपर्यंत माहा हात किल्लीवर राहीन.”

बाबांनी सांडशी आईच्या हातात दिली आणि गाडीचा मागचा दरवाजा उघडून सीट पुसायला घेतली.